दहापैकी दहा

सूचना : सरळ बसा.

स्मृतीच्या चाचण्या घ्यायच्या त्या खोलीत आज तो टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसला होता, पेशंटच्या. इतकी वर्षं तो पलीकडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना शब्द वाचून दाखवायचा, तेच परत म्हणवून घ्यायचा, आणि माणूस दाराबाहेर पडला की म्हणायचा, "डोक्यात भुसा." निवृत्त न्यायाधीश असो की भाजीवाली, भुसा एकच.

दोन पेशंटांच्या मधे जिन्यात एक सिगारेट. "इंजिनाला तेल लागतं, सायकलला नाही," हे न ओढणाऱ्यांना ऐकवल्याशिवाय त्याला ती गोड लागत नसे.

आता नव्या चाचण्या आल्या होत्या. डॉक्टरबाईंचा नियम असा, की जो घेणार त्याने आधी स्वतः द्यायची. नापास झाला तर रवानगी नोंदणीच्या खिडकीवर. समोर त्याची मेहुणी. तिला इथे त्यानेच चिकटवलं होतं, आणि ते तो तिला विसरू देत नसे.

"भावोजी, चाचणी संपेपर्यंत सिगारेट नाही. नियम आहे."

"नियम मूर्खांसाठी असतात."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरबाई खोकल्या. हसू दाबायची त्यांची तीच रीत.

सूचना : दहा शब्द नीट ऐका.

मेहुणीने वाचले. सपाट वाचते, ठसका नाही. तो हेच ऐकत बसला.

सूचना : शंभरातून सात-सात वजा करत जा.

त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. जीभ कोरडी. बोटं खिशाकडे. चौसष्ट? वजाबाकी हे मुळात कारकुनांचं काम.

सूचना : मघाचे शब्द सांगा.

"दोर, चमचा, बगळा, खिडकी, साबण," तो घडाघडा म्हणाला, दम घेतला, "पायरी, लिंबू, कंदील, घोडा, मीठ. दहापैकी दहा. लिही."

मेहुणीने पेन खाली ठेवलं.

"भावोजी, ही जुनी यादी. तुम्ही रोज पेशंटना वाचून दाखवता ती. दमसुद्धा त्याच जागी घेतलात. आजचा एकही शब्द नाही यात."

"तू वाचलंस चुकीचं."

"हो ना. अंगणच वाकडं."

"तलफ आलीय मला! इंजिन कोरडं ठेवून तपासता काय?"

"जा, ओढून या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसरी यादी घेऊ."

सूचना : (जिन्यात कुणी सूचना देत नाही.)

धूर आत गेला. डोकं लख्ख झालं. म्हणजे झाल्यासारखं वाटलं. आणि वाटणं मोजायची चाचणी अजून कुणी छापलेली नाही.

सूचना : पुन्हा.

वजाबाकी सपासप झाली. डॉक्टरबाईंची मान डोलली. त्याने मेहुणीकडे असं पाहिलं, जणू हिला नोकरी लावली ती निव्वळ दया म्हणून. मग शब्द.

"रुमाल. तवा." थांबला. "तवा..." आणि मग तोंड आपोआप उताराला लागलं. "पायरी, लिंबू, कंदील..." या वेळी त्याचं त्यालाच ऐकू आलं. तरी तो शेवटपर्यंत म्हणत गेला. थांबला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

"तलफ भागली म्हणून वेग परत आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मघाशी तो तलफेनेच अडवला होता. सिगारेट आपलीच उधारी फेडते आणि तुम्ही तिला दानशूर म्हणता. शब्द मात्र तिने दिले नाहीत. ते इतक्या वर्षांच्या धुराने नेले की आणखी कशाने, हे एवढ्यावरून मी सांगणार नाही. मोठी तपासणी करू. तोवर खिडकी."

सूचना : पुढचा पेशंट.

खिडकीपलीकडे एक वयस्कर शिंपीण उभी होती. "अवघड असतं का हो आत?"

"तुम्हाला असेल," तो म्हणाला. "नाव?"

तिने सांगितलं. त्याने पेन उघडलं, कागद सरळ केला, आणि मान वर केली.

"काय म्हणालात?"

शिंपिणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग नाव पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, तान्ह्या पोराला घास भरवावा तसं.