भिंतीवरचं झाड

घरमालकीणबाईंचा भाडेकरूंवर काडीचाही विश्वास नव्हता. खालच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीनं घर सजवलंय हे कानावर येताच त्या तडक जिना उतरल्या. सजवलंय म्हणजे भिंतीला भोकं पाडली असणार!

खिडकीला चिंध्यांची झालर होती आणि भिंतीवर पुठ्ठ्याच्या चौकटींत बटणांची फुलं. बाईंनी एकेक चौकट उचलून मागं डोकावून पाहिलं. खिळा एकही नाही, सगळं चिकटपट्टीवर. इतकी गुणी भाडेकरू? बाईंचा संशय आणखीच बळावला.

शेवटी त्या समोरच्या भिंतीकडे वळल्या आणि पलंगामागं त्यांना हवं ते सापडलं. थेट भिंतीवर रंगवलेलं, छतापर्यंत गेलेलं भलंमोठं झाड!

"माझ्या भिंतीला रंग फासायला कुणाला विचारलंस गं?"

"मी नुसती पानं काढली, काकू," मुलगी सुईत दोरा ओवत म्हणाली. "खोड तुमचंच आहे. खोली दाखवताना तुम्ही ज्यावर कॅलेंडर लावलं होतंत ना, तीच ही ओल. तेव्हा वीतभर होती. आता ती वाढते, तशी मी पानं वाढवते."

बाईंनी खोडाला बोट लावलं. ओलं झालेलं बोट गुपचूप पुसलं आणि डोळे बारीक केले.

"आणि माझं कॅलेंडर कुठं गेलं?"