एक वेन

वॉशर समजून उचललं, असं मी इरावतीला, माझ्या बायकोला, सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. परदेशातल्या आमच्या क्रॉमवेल गावाजवळच्या नव्या वसाहतीच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं. मी त्या साइटचा इंजिनिअर. चराच्या कडेला मातीत एक हिरवट चकती अडकलेली दिसली. बोटांनी ओढून काढली, तर मधलं भोक चौकोनी. चौकोनी भोकाचा वॉशर असतो, नाही असं नाही. पण त्यावर चिनी अक्षरं नसतात.

तिथेच मी काम थांबवायला हवं होतं. या देशात १९०० च्या आधीचं काही जमिनीतून निघालं की खोदणं बंद करायचं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलवायचं, हे साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी पढवतात. आमच्याकडे मीच पढवतो. पण काम आधीच तीन आठवडे मागे पडलं होतं, ब्रेंडन, म्हणजे माझा बॉस, रोज सकाळी माझ्या नावाने खडे फोडत होता, आणि माझ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जाला त्याच ब्रेंडनचं पत्र लागणार होतं. मी नाणं खिशात टाकलं. शेजारी मातीतून मुळासारखं काहीतरी तपकिरी डोकावत होतं. मी खडी टाकायला सांगितली.

घरी इरावती नाणं बघून हरखली. ती फार्मासिस्ट, दिवसभर मिलिग्रॅममध्ये बोलणारी बाई. पण घरात पाऊल टाकलं की तिच्यातली पेणची मुलगी जागी होते. तिने ते चिंचेच्या कोळाने घासून लख्ख केलं, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या पायाशी ठेवलं.

"परक्या देशात लक्ष्मी आपल्या पायांनी आलीये," ती म्हणाली. "आता बघ रेसिडेन्सी कशी येत नाही ते."

एरवी मी तिची यथेच्छ टिंगल केली असती. या वेळी मी हात धुवायला निघून गेलो. पुढचे आठ दिवस देव्हाऱ्यासमोरून जाताना मी दुसरीकडे बघत होतो. जेवताना उठायचो, गाडीची किल्ली समोर असूनही शोधायचो. साइटवर दिवसातून दहा वेळा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने त्याच जागी जाऊन उभा राहायचो. खडीचे दोन थर पडले, रोलर फिरला. मंगळवारी सकाळी डांबर पडणार होतं.

सोमवारी संध्याकाळी मला राहवेना. नाण्याचा फोटो घेऊन मी मिसेस क्वोककडे गेलो. त्या आमच्याच गल्लीत राहतात. शाळेत चाळीस वर्षं मँडरिन शिकवून निवृत्त झाल्या, आणि आता शिकवायला कोणी मिळत नाही म्हणून कासावीस असतात. बाजारात मिळालं, अशी मी थाप मारली.

"वेन!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "सगळ्यांत खालचं नाणं. असे हजार दोरीत ओवले की एक ग्वान. भोक त्यासाठीच. आणि एका ग्वानची, मानली तर, एक ल्यांग चांदी. ल्यांग हे खरं तर वजन. चांदी मोजत नसत, तोलत."

"आमच्या तोळ्यासारखं."

"असेल. आणि त्याहून वर युआनबाओ, होडीच्या आकाराचा चांदीचा ठोकळा. आमच्या घरात तो फक्त कागदाचा असायचा. पितरांसाठी जाळायला." त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "किती होती अशी?"

"एकच."

"एकच? जमिनीतून निघालेलं दिसतंय हे. कितीही घासलं तरी अक्षरांच्या खाचेत हिरवं राहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "इथल्या दुकानात वेन कोण घेणार? शिलिंग चालायचे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथे सोनं शोधायला आलेली आमची चिनी माणसं वेन वापरायची जुगारात, सोंगट्यांसारखी. ती सापडतात मूठमूठभर. एकटा वेन... माझ्या आजीच्या गावात मेलेल्या माणसाच्या तोंडात ठेवायचे. वाटखर्चाला."

मी उठलो. "हे बाजारात नाही ना मिळालं?" त्या विचारत होत्या, आणि मी चहा तसाच टाकून जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, पाय सरकवत होतो.

घरी आल्या आल्या मी इरावतीला सगळं सांगून टाकलं. मूळ, खडी, डांबर, सगळं.

"मेलेल्याच्या तोंडातलं? आणि मी रोज त्याच्यापुढे निरांजन लावतेय? ऋतुराज, आत्ताच्या आत्ता नदीत टाकून ये ते!"

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नाणं नदीत, उद्या वर डांबर, प्रश्न मिटला. मी नाणं उचललं, किल्ली घेतली. दारापर्यंत पोचलो तोच तिने विचारलं, "मुळासारखं म्हणालास, ते काय होतं?"

"मूळ."

"मी आलेय तुझ्या साइटवर. उघडा माळ आहे नुसता. झाड कुठाय तिथे?"

मी दारातच चपलांच्या मांडणीवर बसलो. ती माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"माझे बाबा गेले तेव्हा आपल्याला तिकीट मिळालं नाही. शेजारच्या काकांनी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, ते मी फोनवर बघितलं. मी नव्हते, पण कोणीतरी ठेवलं ना? याच्याही तोंडात कोणीतरी ठेवलं असेल हे. घरचं कोणी नसेलही इथे." तिने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. "ब्रेंडनला फोन लाव."

"आणि रेसिडेन्सी?"

"फोन लाव."

ब्रेंडनने न चिडता ऐकून घेतलं, तेव्हाच मला घाबरायला हवं होतं. "हाडं होती? तुझी खात्री आहे?"

"खात्री... नाही."

"म्हणजे तू काही पाहिलं नाहीस. सकाळी सातला डांबर पडतंय. आणि हो, तुझं ते पत्र, या आठवड्यात सही करून टाकतो. स्वीट अ‍ॅज? जमलं ना?"

मी "हो" म्हणालो. त्या रात्री कूस बदलत मी त्या माणसाचा विचार करत होतो असं सांगितलं तर बरं दिसेल. पण विचार पत्राचाच होता. पाच वर्षं, दोन घरं, इरावतीने दिलेल्या तीन परीक्षा, आणि एक सही.

सकाळी साडेसहाला मी साइटवर पोचलो, गाडीत बसून पोलिसांना फोन केला आणि मग त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. सात वाजता वाफाळत्या डांबराचा ट्रक आला, त्याच्या पुढे डांबर पसरणारं यंत्र, पेव्हर. पेव्हर माझ्यापासून चार हातांवर थांबला आणि चालकाने हॉर्न वाजवला. ब्रेंडन लांबूनच हातवारे करत धावत आला.

"बाजूला हो! डांबर थंड होतंय!"

"पोलीस येतायत."

"कशाला? कालच बोललो ना आपण? तू काहीही पाहिलेलं नाहीस!" मग त्याने आवाज खाली आणला. "पत्र हवंय ना तुला?"

हवं होतं. आत्ताही हवं आहे. पेव्हरचा चालक वरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मी ब्रेंडनला सोडून त्या चालकालाच सांगितलं, इंजिनच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"इथे खाली माणूस आहे. मी त्याला पाहिलं होतं, आणि तरी त्याच्यावर खडी टाकली."

चालकाने इंजिन बंद केलं.