मामाचा खुळखुळा

बोनिफसच्या तोंडात सुपारी होती, चुना होता आणि जीभ होती. यातलं शेवटचं आवरलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

मंगळवारची सकाळ. सुपारीच्या टपरीवर तिघंजण बसलेले. बोनिफस, म्हणजे अख्ख्या किनाऱ्याचा बोनी, गावातून शहरात माणसं आणि रताळी वाहणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. त्याच्या कुंपणाला कुंपण लावून राहणारा कोनराड, धंद्याने सुतार, रविवारी चर्चमध्ये वाचन करणारा, हसायला पण परवानगी लागणारा. आणि इग्नास, ज्याच्याकडे फायबरची होडी होती आणि जो फक्त पेट्रोलबद्दल बोलायचा.

"आलोइस मामाला आता दिसेनासं झालंय," कोनराड म्हणाला. "यापुढे शार्क बोलावणार कोण?"

"मी," बोनी म्हणाला.

इग्नासला ठसका लागला. कोनराडने सुपारीची पिंक लांब टाकली. "तू बोलावतोस ते पॅसेंजर. तेही अर्धे येत नाहीत."

"भाचा कुणाचा आहे मी?"

"तू भाचा आहेस हे तुझं नशीब. तो मामा आहे हे त्याचं."

बोनी हसला, कारण हसणं त्याच्या हातात होतं. पण घाव बसला होता. त्यांच्याकडे ही विद्या बापाकडून मुलाकडे जात नाही, मामाकडून भाच्याकडे जाते. आणि आलोइस मामाला भाचा एकच. तीस वर्षं मामा छोट्या होडीतून जायचा, वेताच्या कड्यात ओवलेल्या नारळाच्या करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात वाजवायचा, शब्द म्हणायचा, आणि शार्क पाळीव असल्यासारखा होडीला येऊन लागायचा. ते शब्द मामाने अजून कुणाला दिले नव्हते. बोनीने दोनदा मागितले. दोन्ही वेळा मामा एवढंच म्हणाला, "शार्कला खोटं चालत नाही, आणि तुला खरं जमत नाही."

हे बोनी गावभर स्वतःच सांगायचा, मामाचा आवाज काढून. पण ट्रकमध्ये एकटा असला की मामासारखं पुटपुटून बघायचा. शब्द नव्हते, नुसती चाल.

"लाव पैज," तो म्हणाला. "उद्या मासे धरायला जातोय ना आपण? मी शार्क बोलावतो."

"इंजिनाच्या होडीतून?"

"इंजिनाच्या होडीतून. आला तर शनिवारी बाजारात तू बायकोचा झगा घालायचा, तो फुलाफुलांचा, आणि बायकांच्या रांगेत बसून शेंगा विकायच्या. दुपारपर्यंत."

"आणि नाही आला तर तू."

"तर मी. मला तसाही तो रंग शोभतो."

"पेट्रोल कुणाचं?" इग्नासने विचारलं.

बुधवारी उजाडताना बोनी बाप्यांच्या घरात, म्हणजे गावातले पुरुष एकत्र झोपतात तिथे, शिरला. मामा आढ्याखाली झोपला होता, खुळखुळा आढ्याला टांगलेला. तो हात लावायची वस्तू नव्हती. मागायची होती, आणि मागितली असती तर मिळाली नसती. बोनीने एकेक करवंटी बोटांत धरून, आवाज न करता, तो तांदळाच्या पोत्यात घातला. संध्याकाळपर्यंत परत टांगू, मामाला कुठे दिसतंय.

किनाऱ्यावर कोनराड बोटं मोजत उभा होता. "शार्क बोलावणाऱ्याने तीन दिवस बायकोपासून लांब राहायचं. काल कुठे झोपला होतास?"

"घरी."

"डुकराचं मटण खायचं नाही. रविवारी?"

"दोनदा वाढून घेतलं."

"शेणाघाणीत पाय पडू द्यायचा नाही."

बोनीने खाली पाहिलं. डुकरीण आत्ताच तिथून गेली होती. "अजून कुठला नियम राहिला असेल तर सांग," पाय वाळूत घासत तो म्हणाला, "वाटेत मोडू."

खडकाची कड जिथे संपते आणि पाणी एकदम निळंकाळं होतं, तिथे इग्नासने इंजिन बंद केलं. दोन तास गळ टाकले. तांबोशी लागली, मग अजून लागली, मग अशी लागली की सुपारी खायला हात मोकळा होईना. होडीच्या तळाला मासेच मासे, मधे सहा पाय, मागे पेट्रोलचे दोन कॅन. पाण्याची कड होडीच्या काठापासून वीतभर राहिली.

"पुरे," इग्नास म्हणाला. "एवढ्या वजनाला पेट्रोल फार लागतं."

"थांब, माझा धंदा राहिलाय." बोनीने पोत्यातून खुळखुळा काढला.

कोनराडच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं हसू गेलं. "हा मामाचा आहे."

"मामाने दिला."

"मामाने?"

"मनाने दिला. हाताने द्यायचा राहिला."

त्याने खुळखुळा अर्धा पाण्यात बुडवला आणि वाजवला. खळ्, खळ्, खळ्. आवाज वर कमी आला, खाली जास्त गेला. होडीच्या तळातून तो तळव्यांना लागला. शब्द तर माहीत नव्हते. मग बोनीने रोज पहाटे ट्रकच्या फळीवर उभा राहून म्हणायचा तोच मंत्र सुरू केला. "चला चला चला, शहर, शहर, शहर. मागे जागा आहे, आत सरका. शार्कभाऊ, सुट्टे ठेवा हातात. बाळ असेल तर मांडीवर घ्या."

इग्नास हसला. मग कोनराडही हसायला लागला, आणि एकदा लागला की त्याला थांबता यायचं नाही. दोन्ही हात पोटावर धरून, लाल दात दाखवत तो पुढेमागे डुलत होता.

मग तो मधेच थांबला. तोंड उघडंच राहिलं. सुपारीचा लाल ओघळ हनुवटीवरून शर्टवर आला, तरी त्याने पुसला नाही.

बोनीने वळून पाहिलं.

पाण्यात आधी नुसता रंग बदलला होता. ढगाची सावली पडावी तसा. पण वर ढग नव्हता. सावली खालून वर आली, तिला शेपूट आलं, डोकं आलं, आणि ती होडीच्या बाजूला, होडीच्या लांबीची, शांतपणे येऊन थांबली. घाई नाही, झडप नाही. बोलावल्यावर माणूस अंगणात येऊन उभा राहतो, तशी.

बोनीचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता. मनगटाच्या पुढे खुळखुळा, आणि खुळखुळ्याच्या पुढे ते डोकं. डोळा पैशाएवढा, काळा, त्यात काहीच नव्हतं, आणि तो बोनीकडे पाहत होता. हात काढ, असं बोनी हाताला म्हणाला. हाताने ऐकलं नाही.

शार्कने खुळखुळा तोंडात धरला. चावला नाही, पोळी निवली का बघावी तसा धरला. मग जरा ओढला. होडी कलंडली. वीतभर कड संपली आणि पाणी आत आलं, तांबोश्या तरंगायला लागल्या, दोन बाहेर गेल्या. एक करवंटी तडकल्याचा आवाज झाला. कोनराडने डोळे मिटले होते आणि तो कुठल्यातरी संताचं नाव घेत होता, पण नाव अर्धंच येत होतं.

आणि बोनीच्या तोंडातून, कुणी विचारलेलं नसताना, त्याचा रोजचा, शांत, धंद्याचा आवाज निघाला:

"गाडी भरली, भाऊ. जागा नाही. मागून दुसरी येतेय."

शार्कने खुळखुळा सोडला. पुढे सरकला. होडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, बाजू होडीला घासत, कानशीने लाकूड घासावं तसा आवाज करत. मग खाली गेला. रंग पुन्हा निळा झाला.

इग्नासने इंजिनची दोरी ओढली, पुन्हा ओढली, सात वेळा ओढली. पेट्रोलचा कॉक बंद होता. पेट्रोलवर जगणाऱ्या माणसाला तो दिसला नाही. शेवटी कोनराडने बोटाने दाखवला. बोनी खुळखुळा छातीशी धरून तळातल्या पाण्यात बसला होता. मांडीवर एक जिवंत तांबोशी तडफडत होती, ती त्याला समजलीही नाही.

किनारा दिसायला लागल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "आला नाही."

"काय आला नाही?" कोनराड म्हणाला.

"शार्क. आला नाही. मी पैज हरलो."

"बोनी, त्याचा डोळा मी अजून बघतोय. डोळे मिटले तरी बघतोय."

"आला म्हटलं तर कशाने आला ते सांगावं लागेल. मामाला कळलं की मी खुळखुळा चोरून नेला, वर त्याची करवंटी फोडली, तर शब्द त्याच्याबरोबर मातीत जातील. मला कधी मिळणार नाहीत." हे बोलताना तो हसला नाही. कोनराडने त्याला इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी खोटं बोलणार नाही," कोनराड म्हणाला. "पण कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगणारही नाही."

"किती पुण्यवान आहेस रे."

"झगा कुठला घालणार?"

त्या दुपारी बोनीने नवी करवंटी कापली, घासली, चुलीच्या धुरात काळी केली, ओवली आणि खुळखुळा आढ्याला परत टांगला. मामा कुशीवर झोपला होता. पुढचे दोन दिवस बोनीने एकही थट्टा केली नाही. ट्रकमध्ये कुणी "मागे जागा आहे का" विचारलं की तो दचकायचा. त्याची बायको रोस्विता घाबरली, तिने पाला उकळून पाजला. तोही त्याने गुमान प्यायला, त्यामुळे ती अजूनच घाबरली.

शनिवारी सकाळी अख्खा बाजार त्याची वाट बघत होता. बायकांच्या रांगेत, रताळी आणि पालेभाज्यांच्या मधे, निळा, फुलाफुलांचा झगा घातलेला बोनी बसला. समोर शेंगांच्या जुड्या.

"अगं बाई, नवीन सून कुणाची?"

"मिशी काढायची राहिली गं."

"कोनराड, तू शेंगा घेत नाहीस? तू तर जिंकलास."

कोनराड एका खांबाला टेकून उभा होता. तीन दिवस झोपला नसल्यासारखा दिसत होता.

मग गर्दी बाजूला झाली. रोस्विताच्या खांद्यावर हात ठेवून आलोइस मामा येत होता. काखेत कापडी पिशवी. तो बोनीसमोर मांडी घालून बसला, पिशवी कानाजवळ धरली आणि न उघडता एकदा हलवली.

"आठ करवंट्या," मामा म्हणाला. "सात माझ्या मामाच्या मामाच्या. एक बुधवारची."

कुणाचं तरी कोंबडं फडफडलं. बोनीची जीभ तोंडात तयार होती. डुकराने फोडली. वाऱ्याने पडली. कोनराडच्या पोराने. तिन्ही थापा त्याने एका श्वासात बनवल्या, आणि तिन्ही चांगल्या होत्या. मग त्याला तो काळा डोळा दिसला.

"मी नेला, मामा. न विचारता. इंजिनाच्या होडीत. डुकराचं मटण खाऊन, घरी झोपून, घाणीत पाय देऊन. शब्द येत नाहीत म्हणून ट्रकच्या पॅसेंजरला हाका मारतो तशा मारल्या. तो आला. होडीएवढा होता. त्याने खुळखुळा धरला तेव्हा मला हात सोडवता आला नाही. मी खूप घाबरलो. अजून घाबरलेलोच आहे. आणि इथे बसलोय ते सगळं खोटं आहे, पैज मी हरलो नाही."

मामाने मान तिरकी केली. "मग गेला कसा?"

"मी म्हटलं... गाडी भरली. जागा नाही."

"होडीत जागा होती?"

"नव्हती, मामा. वीतभर पण नव्हती."

मामाची मान हलायला लागली, खांदे हलायला लागले, आणि म्हातारा आवाज न करता हसला, इतका की त्याला रोस्विताने धरलं. "म्हणजे खरं बोललास. त्याच्याशी तरी." डोळे पुसत तो म्हणाला. "म्हणूनच गेला. सोमवारपासून माझ्याकडे येऊन झोप. डुकराचं मटण बंद. करवंटीच्या बदल्यात माझं छप्पर शाकारायचं."

"आणि शब्द?"

"आधी छप्पर."

"मामा, मग रोस्विता..."

"तिला मी विचारलं. ती म्हणाली, तीन दिवस का, पावसाळाभर ठेवा."

बाजारात हशा फुटला. हसण्याच्या त्या लाटेत मामाने हात वर केला. "एक राहिलं. पैज हरलं कोण?"

शंभर डोळे खांबाकडे वळले. कोनराड सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव होता. "मला कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"आता विचारतोय. शार्क आला होता का?"

"आला होता, मामा. संताचं नाव पण मला पूर्ण आठवलं नाही."

बोनीने झगा डोक्यावरून काढला आणि दोन्ही हातांनी, लग्नात आहेर देतात तसा, पुढे धरला. कोनराडच्या खांद्यांना तो कुठला पुरतोय. डोकं आत गेलं आणि तिथेच अडकलं. दोन म्हाताऱ्यांनी एकेक बाजू धरून ओढला, शिवण उसवली, आणि कोनराड, फुलाफुलांचा, लालेलाल झालेला, रताळ्यांच्या शेजारी बसला.

"भाव काय गं बाई?" कुणीतरी विचारलं.

"एक किना जुडी," चर्चमध्ये वाचन करावं तशा आवाजात कोनराड म्हणाला.

बोनी त्याच्या बाजूला फळीवर चढला, हात तोंडाशी नेला. हाक मारायच्या आधी त्याने एकदा समुद्राकडे पाहिलं, आणि आवाज जरा लहान ठेवला.

"चला चला. शेंगा, शेंगा, शेंगा."