एकवीस दिवसांची दवंडी

ऐका हो ऐका... आजपासून पाचव्या रोजी पुलाचं काम निघणार हो... गाडीबैल पल्याडच्या वाटेनं न्या हो...

मी सात-आठ वर्षांची असताना अंबरनाथच्या शिवमंदिरामागच्या आमच्या आळीत नाथा कोतवालाचा हा आवाज यायचा. आधी डफाची एक थाप. मग एवढी शांतता, की पाण्यावर पान पडलेलं ऐकू यावं. मग तो आवाज. माझे वडील, विष्णुपंत, ओट्यावरून उठायचे आणि दाराच्या चौकटीवर खडूनं पाच रेघा ओढायचे. रोज सकाळी एक रेघ पुसायची, हे काम माझं. "नाथाच्या तोंडून निघालं की दिवस लागला," ते म्हणायचे. कागद कुठल्या कचेरीत कधी निघाला, याच्याशी आमच्या आळीला देणंघेणं नव्हतं.

पुढे मला नोकरीही तसलीच लागली. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एकतीस वर्षं मी अधिसूचनांचं मराठी केलं. ते मराठी कुणाला कळत नसे. दुसऱ्या दिवशी मलाही कळत नसे. निवृत्त होऊन आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आलो, तेव्हा वाटलं, सुटले.

तिथं चंद्री भेटली. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात तिचा करवंदपाडा, तीस-बत्तीस घरांचा. ती बाजारात रानभाजी घेऊन बसायची आणि जुड्या बांधता बांधता गुणगुणायची. एकदा तिनं भाजीबरोबर एक चुरगळलेला कागद पुढं केला. "बाय, यात काय लिवलंय ते सांग. भाजी फुकट ने."

मी कागद वाचला, सोपा करून एका पानावर लिहून दिला. तेव्हापासून दोन वर्षं आमचा रिवाज पडला. दिल्लीहून काही निघालं, की मी त्याचं एक पान करायची. चंद्रीचा नवरा गोमा ते पान घेऊन जायचा, पाड्यावरच्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि पत्र्याचा डबा वाजवत दवंडी द्यायचा. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, डब्याला आहे. आणि मग चंद्री त्याची ओवी करायची. दवंडी एका संध्याकाळी विरते. ओवी जात्यावर बसते, सरपणाबरोबर रानात जाते, लेकरांबरोबर झोपते. माझ्या एकतीस वर्षांच्या मराठीला असं घर कधी मिळालं नव्हतं. मला त्याचा गर्व होता, हे आता लिहायला हरकत नाही.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला राजपत्रात एक अधिसूचना आली. नवा रस्ता निघणार होता आणि जाणाऱ्या जमिनींच्या यादीत करवंदपाड्याच्या झऱ्याचा गट नंबर होता. पाड्याला बारमाही पाणी तेवढंच. मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात, तेव्हा बाया त्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरतात. रस्ता शंभर हात वर सरकला तर झरा वाचत होता. हरकत घ्यायला मुदत होती एकवीस दिवस.

मी पान लिहिलं आणि नेहमीप्रमाणे चिंतामणींना वाचून दाखवलं. हे माझे यजमान, कारखान्यात अधिकारी होते. माझ्या प्रत्येक पानाचे पहिले श्रोते.

"'राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून एकवीस दिवसांच्या आत,'" मी वाचलं.

"एवढं म्हणेपर्यंत माणूस चालत कल्याणला पोचेल," ते म्हणाले. "गोमा पाठ करणार आहे ना हे? त्याचे दात पडतील."

मी हसले. ओळ खोडली. वर लिहिलं, 'एकवीस दिवसांत सांगा.' पान कसं हलकं झालं, धुतलेल्या लुगड्यासारखं. चार तारखेला दुपारी गोमा ते घेऊन गेला. पाच तारखेला मी राजसीच्या, आमच्या लेकीच्या, बाळंतपणाला नाशिकला गेले आणि मार्चच्या एक तारखेला परतले.

दोन तारखेला सकाळी चंद्री आणि गोमा दारात. एकेचाळीस सह्या-अंगठ्यांचा हरकतीचा अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, आणि चंद्री ओवी म्हणतच पायऱ्या चढलेली:

दिल्लीच्या दरबारी कागूद लिवियेला
आमुच्या झऱ्यावरी रस्ता गं काढियेला

आजच्या दिसाधरनं दिस गं एकवीस
सांगा जे सांगायाचं, मागनं नको घासाघीस

ओवी कानावरून गेली. तेव्हा मला काहीच टोचलं नाही. गोड वाटली, एवढंच.

भूसंपादनाचं कार्यालय उल्हासनगरला. गोमाचा भाचा साईनाथ तिथंच कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात काम करतो. तो रिक्षा स्टँडवर भेटला, नखं निळीनं माखलेली. "मॅडम, शेठला बोललो अर्ध्या घंट्यात आतो. जल्दी करू."

खिडकीत हर्षदा नावाची मुलगी होती. आवाजात मार्दव होतं. तिनं अर्ज घेतला, वाचला, आणि पेनाची टोपी उघडता उघडता ती थांबली.

"काकू, हे चोवीसला संपलं."

"काय संपलं?" साईनाथ म्हणाला.

"मुदत. सहा दिवस झाले."

चंद्रीनं कमरेची पिशवी उघडली आणि खिडकीच्या फळीवर सुताची एक दोरी ठेवली. दोरीला गाठी होत्या.

"अगो पोरी, ही बघ," ती हर्षदाला म्हणाली, अगदी समजुतीनं. "एकवीस बांधलेल्या. रोज सकाळी एक सोडते. मोज. अजून आठ हायेत."

हर्षदानं खरंच मोजल्या. एकेका गाठीवर बोट ठेवून. मग तिनं राजपत्राची प्रत काढली आणि ओळ वाचली. "राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून एकवीस दिवसांच्या आत. तारीख आहे तीन फेब्रुवारी. तुम्ही कधीपासून धरले?"

"डबा वाजला तेव्हाधरनं," चंद्री म्हणाली. "आणखी कधीपासून धरतात?"

ती ओळ माझ्या कानात शिरली ती माझ्याच हातानं खोडलेली. मला चौकटीवरच्या पाच रेघा दिसल्या. फडक्यानं पुसलेला खडू बोटांना जाणवला. नाथाच्या तोंडून निघालं की दिवस लागला. हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

साईनाथ गोमाकडे वळला होता. "मामा, डबा कधी वाजवला?"

"सतराला."

"कागद चारला आला. मधे तेरा दिन काय केलं?"

गोमानं माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही. "पाचला विठा गेली. पाड्यात सुतक व्हतं. सुतकात डबा वाजवत नाय. बारावा झाला, दुसऱ्या दिशी वाजवला."

"मेलेल्या म्हातारीसाठी जिवंत झरा घालवला तू."

"साईनाथ," चंद्री म्हणाली.

"खोटं बोलतोय का मी? तोंडानं सांगायचं होतं, डबा नको तर नको."

"घरोघर जाऊन सांगलं तर ती दवंडी नसते रं," गोमा हळू म्हणाला. "ती चहाडी व्हते." आणि मग, "पण माझीच चूक. एकवीसच व्हते तर मी बारा कशाला खाल्ले."

त्याचे हात लोंबत होते. डबा वाजवणारे, काठी धरणारे, नेहमी काहीतरी करत असणारे हात. एका क्षणात ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे दिसायला लागले.

हर्षदा खिडकीतून पुढं झुकली. "असं करा. उशीर का झाला, ते वेगळ्या कागदावर लिहून आणा. खरं कारण, सहीसकट. उद्या साहेब आहेत. मी अर्जाला जोडते. घेतील की नाही, शब्द नाही देत. पण कारणच नसलं तर अर्ज उघडणारही नाहीत."

"मॅडम लिहितील," साईनाथ म्हणाला. "सकाळी पाड्यावर या, सगळ्यांसमोर लिहू."

मी मान हलवली. एवढंच केलं.

घरी येऊन चिंतामणींना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ओळ मी काढायला लावली," ते म्हणाले.

"तुम्ही विनोद केलात. काढली मी."

"आता काय करणार? पानावर नाही आहे, एवढंच ना. कुणाला माहीत आहे? तुला आणि मला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तू सांगितलंस तर ती माणसं परत तुझ्याकडे कागद आणतील का, तेवढा विचार कर."

तोच विचार मी करत होते, त्याचीच लाज वाटत होती.

सकाळी गोमाच्या अंगणात सगळा पाडा जमला होता. बाया कुडाला टेकून, पुरुष उकिडवे. मधे माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणि पाट, पाटावर कोरा कागद. शेजारी अंगठ्यासाठी शाईची डबी. सुताची दोरी तुळईला टांगलेली होती, सातच गाठींची. त्या सकाळीही चंद्रीनं एक सोडली होती. सवयीनं, की आणखी कशानं, मी विचारलं नाही.

"लिहा मॅडम," साईनाथ म्हणाला. रात्रभरात त्याचा राग निवला होता, उरला होता तो हिशेबीपणा. "एकाच माणसाची गलती दाखवली की साहेब लोक सोडतात. लिहा, दवंडी देणारा गोमा याने हलगर्जीपणा केल्यामुळे पाड्यास माहिती उशिरा मिळाली. खाली मामाचा अंगठा."

"हलगर्जी म्हणजे काय रं?" गोमानं विचारलं.

"म्हणजे तू विसरलास."

"विसरलो तर नाय मी." तो म्हणाला. "पण लिव्हा. झरा ऱ्हात असंल तर लिव्हा." त्यानं अंगठा शाईच्या डबीत आधीच बुडवला होता. मग डावा हात मागं नेऊन त्यानं कुडाला टांगलेला डबा काढला आणि साईनाथपुढं ठेवला. "आणि ह्यो आजपून तुझा. माझ्या हातून नको आता."

डबा जमिनीला टेकला तसा आवाज झाला, ठण. कुडाजवळच्या बायांपैकी कुणीतरी पदर तोंडाशी नेला. चंद्री नवऱ्याच्या काळ्या अंगठ्याकडे बघत होती. काल खिडकीपासून ती एकही ओवी गुणगुणली नव्हती.

माझं पेन कागदावर होतं. 'दवंडी देणारा गोमा,' एवढं लिहून झालं होतं. पुढचा शब्द येईना. एकतीस वर्षं मी न कळणारे शब्द लिहिले, पण त्यांतल्या एकानंही असं कुणाच्या घरात शिरून त्याला मान खाली घालायला लावली नव्हती.

मी पेन ठेवलं. वाकले आणि डबा उचलला. तो मला वाटला होता त्याहून हलका होता, आणि मधे, काठी बसून बसून, खोलगट झालेला.

"बाय, काय करतीस?" चंद्री म्हणाली.

"तूच म्हणतेस ना, पाड्याला सांगायचं ते डबा वाजवून सांगायचं. नाहीतर ती चहाडी."

"ते ह्यानी सांगलं," ती म्हणाली.

गोमानं न बोलता काठी माझ्या हातात दिली. काठीला त्याच्या अंगठ्याची शाई लागली, तिथून माझ्या बोटांना. मी एक थाप दिली. नाथा द्यायचा तशी नाही बसली, कच्ची बसली. तरी अंगण गप्प झालं. लेकरंसुद्धा.

"ऐका," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार लांबून येत होता. "एकवीस दिवस कधीपासून मोजायचे, ते दिल्लीच्या कागदात लिहिलेलं होतं. तीन तारखेपासून. गोमाला मी जे पान दिलं, त्यात ते नव्हतं. लांबलचक दिसत होतं म्हणून ती ओळ मी काढली. काल खिडकीशी मला ते कळलं होतं, आणि मी गप्प बसले. उशीर गोमानं नाही केला. मी केला."