आवडीच्या शेतात माती उकळली

कापडे गावाच्या खालच्या वाडीत भगताने बाटलीतलं तीर्थ आवडीच्या शेतात ओतलं आणि माती फसफसून उकळली. पांढरा फेस वर आला. जमलेली माणसं मागे सरली. शेजारी विनोदच्या शेतात तेच तीर्थ पाण्यासारखं जिरलं होतं.

विनोदच्या दोन गाई लागोपाठ मेल्या होत्या, म्हणून भगताला आणलं होतं.

"करणी हितंच पुरलीय," भगत डोळे फिरवत म्हणाला. "अंगातली देवी आई बोलतेय, मी नाय."

विनोदने काठी उचलली.

"अरे, भात कापलं की माझ्या शेळ्या हितं चरतात, हितंच बसतात, एवढंच..." आवडीचं पुढचं बोलणं तोंडावरच्या फटक्यात गेलं. दुसऱ्या फटक्याने हात मोडला. कुणीतरी तिच्या गाभण शेळीच्या मानेवर कोयता घातला. मग बाया तिला केसांना धरून फरफटत बांधाकडे नेऊ लागल्या.

आरोग्य उपकेंद्रातली समीक्षा सिस्टर धावत आली. मध्ये पडताना तिच्याही पाठीत काठी बसली. तिने आवडीला बांधाला टेकवून बसवलं आणि फरफटताना फुटलेलं कपाळ हायड्रोजन पेरॉक्साइडने, जखमा धुण्याच्या औषधाने, धुतलं. औषध रक्तावर पडताच पांढरा फेस आला. असाच फेस शेतात आल्याचं लोक ओरडत होते. मग उठून तिने तेच औषध शेतात ओतलं. माती उकळली.

"ही बाटली मेडिकलमधली आहे, भगताच्या तीर्थातही हेच आहे," ती म्हणाली. "विनोद, तुझ्या उकिरड्यावरची माती आण."

तीही उकळली.

"तुझ्याकडेही करणी पुरलीय का?"

"देवाची परीक्षा घेऊ नका, बाई," भगत म्हणाला.

सिस्टरने आवडीच्या शेतातली मूठभर माती वाडीतल्या एका चुलीवर, तव्यात भाजून घेतली, निवू दिली आणि तिच्यावर औषध ओतलं. फेस आला नाही.

"शेळ्यांच्या लेंड्यांवर, मुतावर मातीतले न दिसणारे जीव पोसले जातात. त्यांच्या अंगात एक द्रव्य असतं, तसंच रक्तातही असतं. ते या औषधातला प्राणवायू सोडवतं, त्याचा हा फेस. माती भाजली, ते द्रव्य नासलं. विनोद, तुझी गुरं गोठ्यात, शेण उकिरड्यावर, शेतात नुसता युरिया. तिथले जीव उपाशी आहेत. गाई कशाने मेल्या ते गुरांच्या डॉक्टरला विचार."

भगत पळाला. विनोदने त्याला गाठलं आणि पहिल्याच काठीत त्याचं डोकं फोडलं. लोक दगड उचलू लागले.

"थांब रे," आवडी रक्ताळल्या तोंडाने म्हणाली. "मगाशी पण तुला असंच खरं वाटलं हुतं."

विनोदचा हात खाली आला. पोलीस आले तेव्हा भगतासोबत त्यालाही नेलं.

चमत्कार दिसला, तर तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या हाताने करून बघा. तोवर कुणाच्या अंगावर हात टाकू नका.