चिंचोक्याचा आवाज

शिवकांताने तांब्याची घागर अंगणवाडीच्या दाराआड ठेवली आणि पुढे जुन्या साडीचा पडदा ओढला. मग बायका बसणार होत्या तिथे, तीन वेगवेगळ्या जागी बसून तिने पाहिलं. आत जाणारीचा हात कुठूनच दिसत नव्हता. घागर गावच्या आशा सेविका धोंडाबाई यांच्या घरची. टँकर आठ दिवस फिरकला नव्हता, म्हणून रिकामी मिळाली.

तेवीस बायका जमल्या. उदगीरहून येणारी ही बी.एस्सी. झालेली पोर दोन महिने दर बुधवारी त्यांच्याशी मनाच्या दुखण्याबद्दल बोलत होती. झोप का उडते, छातीत का धडधडतं, मार बघत वाढलेलं लेकरू गप्प का होतं. बायका माना डोलवायच्या आणि स्वतःच्या घराबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. आज तिने प्रत्येकीला ज्वारीचा एक दाणा आणि एक चिंचोका दिला.

"घरात मार बसत असेल तर घागरीत चिंचोका टाका, नसेल तर ज्वारी. उरलेलं पदरात बांधून न्या. कुणी काय टाकलं ते मलासुद्धा कळणार नाही."

"उदगीर जिल्हा करायचा का, ते बी असंच इचारा की," साखराबाई म्हणाली.

"जिल्हा नवा झाला तरी टँकर जुनाच येनार हाय," मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

रुद्राणी दाराशी बसली होती, म्हणून पहिली उठली. बसवंताची बायको, लग्नाला तीन वर्षं झालेली. मागच्या बुधवारी सगळ्या गेल्यावर तिने हळूच विचारलं होतं, "खरंच कुनाला कळनार न्हाई न्हवं?" आणि शिवकांताने तिच्या हातावर हात ठेवून नाही म्हटलं होतं.

ती पडद्याआड गेली. रिकाम्या घागरीत चिंचोका टण्णकन आदळला, बुडाशी गोल फिरला, आणि तो थांबेपर्यंत सगळ्या ऐकत राहिल्या.

माना वळल्या त्या रुद्राणीच्या सासूकडे. कोपऱ्यात बसलेल्या शिवम्माने पदर कपाळावर ओढला. रुद्राणी बाहेर आली आणि सगळ्यांचे चेहरे बघून जागीच थबकली.

तिथेच सगळं थांबवता आलं असतं. पण आकडा पुरा व्हायला हवा, एवढंच शिवकांताच्या डोक्यात आलं आणि तिने पुढच्या बाईला हात केला. आता चिंचोका टाकायची कुणाची छाती होती? बावीस जणी आत जाऊन आल्या, घागर वाजली नाही. उपडी केली तेव्हा बावीस दाणे ज्वारीचे निघाले आणि एक चिंचोका.

पुढच्या बुधवारी तिने जाड कापडाची पिशवी शिवून आणली. घरी पन्नास वेळा चिंचोका टाकून तपासली होती. या खेपेला एकोणीसच बायका आल्या. रुद्राणी नव्हती. विचारायला शिवकांताची जीभ रेटेना. पिशवी ओतली तर सहा दाणे ज्वारीचे, तेरा चिंचोके.

"तेरा," ती धोंडाबाईंना म्हणाली, आणि आपला आवाज आनंदाचा निघाला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"एक गावात न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "चौदा धरा."

बायका पांगल्या. शिवम्मा तेवढी मागे राहिली.

"रुद्राणी कुठंय, अव्वा?"

"बिलोलीला, म्हायेरी. हात मोडलाय. घागर वाजली त्याच सांजंला पारावर कुनीतरी बसवंताच्या कानावर घातलं."

"तुम्ही घरात होता?"

"हाव. मी कुठं जाऊ?"

म्हातारीने पिशवी उचलली. दुकानात कापड पारखावं तशी ती दोन बोटांत चोळून पाहिली.

"ह्याला आवाज न्हाई."

"नाही येत."

शिवम्माने पिशवीची नीट घडी घातली आणि ती शिवकांताच्या हातात दिली.

"मंग पयल्या बारीलाच हीच का न्हाई आनली, बाई?"

आवाजात राग नव्हता. उत्तर ऐकायला ती उंबऱ्याशी उभीच राहिली.