हिमानीचा विद्यार्थी

बँकेतून रिटायर होऊन मुलाकडे अमेरिकेत एडिसनला आलेल्या मनोहर देवधरांनी साठी उलटल्यावर युनिव्हर्सिटीत इतिहासासाठी नाव घातलं. तिथं प्रत्येक नवख्याच्या मदतीला एक जुना विद्यार्थी देत. देवधरांच्या वाट्याला आली वीस वर्षांची हिमानी. निबंध कॉम्प्युटरवरून कसा पाठवायचा, वर्गात तोंड कसं उघडायचं, हे ती दर गुरुवारी लायब्ररीत इंग्रजीतून समजावून सांगे. ती नसती तर त्यांनी पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळला असता. ती त्यांना काका म्हणे. तिचं मराठी तेवढंच, असा त्यांचा समज होता.

एका गुरुवारी महाराष्ट्र मंडळातले अरुण गोखले टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काय मनोहरराव, इकडे कुठे?"

देवधरांनी घाईघाईनं वही मिटली. "हिला जरा शिकवतो. इथल्या मुलांचा पाया कच्चा असतो हो."

"वा! काय गं, जमतंय ना?"

"हो," हिमानी स्वच्छ मराठीत म्हणाली. "सर खूप शांतपणे शिकवतात."

देवधरांची कानशिलं तापली. गोखले गेल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली. हिमानीनं राहिलेलं सगळं नीट दाखवलं. निघताना म्हणाली, "बाय, सर."

त्या 'सर'मुळे त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आता कुठल्या तोंडानं जायचं? युनिव्हर्सिटीच सोडावी झालं.

रविवारी गोखल्यांच्या लताताईंचा फोन आला. "भाऊजी, आमच्या प्रीतालाही शिकवाल का? हे सांगत होते."

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण देवधर म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोललो. शिकवते ती. मी तिचा विद्यार्थी."

फोन स्पीकरवर असावा. लांबून गोखल्यांचं हसू ऐकू आलं. "या वयात?"

"या वयात," देवधर म्हणाले. "प्रीतासाठी तिला विचारू का?"

गुरुवारी ते आधीच जाऊन बसले. हिमानी आली. "गुड मॉर्निंग, सर."

"सर नको गं. गोखल्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांच्या मुलीला शिकवणी हवी आहे, तुला जमेल का?"

तिनं बॅग टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून बसली.

"वी विल सी. काका, निबंध अपलोड केला?"

देवधरांनी मान खाली घातली. केला नव्हता.